भंडारदऱ्याच्या भिंतीला पोलादी ताणाचा आधार

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगरच्या, पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुका वसला आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरा नदीला शेंडी गावाजवळ डोंगरांच्या चिंचोळ्या दरीतून वाट काढावी लागते. याच ठिकाणी १९१० साली एका दगडी धरणाच्या कामास प्रारंभ झाला आणि १९२६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. त्या वर्षीच्या १० डिसेंबर रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्यांचेच नाव धरणास देण्यात आले. लोकांनी मात्र ते कधी फारसे मनावर घेतले नाही. त्यांच्या तोंडी भंडारदरा हेच नाव राहिले. सुमारे ८२ मीटर उंचीची आणि ५०० मीटरांहून थोडी अधिक लांबीची ही भिंत त्या काळी देशातील सर्वांत उंच धरणांत गणली जात असे.

या भिंतीमागे ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी साठते. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस आणि जिल्ह्याच्या पूर्व भागातील कोरडे पठार यांच्यातील तफावत ज्याने पाहिली आहे, त्याला या आकड्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून संगमनेर तालुक्यातील ओझर बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी शेतीकडे वळते. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या तालुक्यांतील ऊस, फळबागा आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना या साठ्याशी जोडलेल्या आहेत. लोणी येथे १९५० साली पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना या पाण्याच्या भरवशावरच उभा राहिला. पंधरा ऑगस्टच्या सुमारास भंडारदरा भरला की नाही, ही जिल्ह्यातील पावसाळ्याची ठरलेली चौकशी असते.

१९६९ चा इशारा

ही भिंत बांधून त्रेचाळीस वर्षे झाली होती. १९६९ साली जलाशय भरलेला असताना भिंतीच्या खालच्या अंगाने मोठ्या प्रमाणावर गळती सुरू झाली आणि बांधकामात तडे असल्याचे दिसून आले. दगडी धरणातून थोडेफार पाणी पाझरणे ही नवलाची बाब नव्हे. जुन्या चुन्याच्या बांधकामात ते गृहीतच धरलेले असते. परंतु गळती आणि तडे एकत्र दिसू लागले की प्रश्न केवळ वाया जाणाऱ्या पाण्याचा राहत नाही, भिंतीच्या स्थैर्याचा होतो.

त्या वेळी महाराष्ट्राच्या मनावरील दोन जखमा ताज्या होत्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खाली असलेल्या खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही टिकली नाही आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त केले. कोयना धरण उभे राहिले खरे, पण त्याच्या उंच भागांना तडे गेले. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेच्या काठाने अकोले, संगमनेर ही गावे आहेत. धरण रिकामे करून स्वस्थ बसावे, तर कालव्यांवरील शेती सुकणार. ते पूर्ववत भरावे, तर भिंतीचा भरवसा नाही. अशा पेचात अभियंत्यांनी जलाशयाची पातळी मर्यादित ठेवून भिंत बळकट करण्याचे काम हाती घेतले. त्यातील तातडीच्या उपायांत ताणलेल्या पोलादी केबलींचा समावेश होता. उभ्या असलेल्या बांधकामाला नंतर ताण देऊन सशक्त करण्याची ही पद्धत ‘पश्चात-ताणन’ या नावाने ओळखली जाते.

भिंत उभी राहते ती वजनाने

ही पद्धत समजण्यासाठी दगडी धरणाचे साधे गणित प्रथम ध्यानात घ्यावे लागते. अशा धरणाचा छेद ढोबळमानाने काटकोन त्रिकोणासारखा असतो. जलाशयाकडील बाजू जवळजवळ उभी, खालच्या अंगाची बाजू उतरती. तळाच्या जलाशयाकडील कडेला अभियंते ‘टाच’ म्हणतात आणि विरुद्ध कडेला ‘चवडा’. पाणी भिंतीला आडवे ढकलते व चवड्यावर उलथवू पाहते. भिंतीचे स्वतःचे वजन तिला जागेवर दाबून धरते. पाण्याचा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो, ही यातील कठीण बाब होय. खोली दुप्पट झाली की जोर चौपट होतो. ८० मीटर खोल पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ३,२०० टनांचा आडवा रेटा देते.

चुन्यात बांधलेला दगड दाब उत्तम सोसतो. ओढ मात्र त्याला जवळजवळ सोसतच नाही. म्हणून टाचेशी बांधकाम सदैव थोडेतरी दाबलेले राहिले पाहिजे, हा दगडी धरणाच्या रचनेचा मूळ नियम आहे. वजन आणि पाण्याचा रेटा यांचा एकत्रित जोर तळाच्या मधल्या तृतीयांशात पडला, तर हा नियम पाळला जातो. तो चवड्याकडे त्याहून पुढे सरकला की टाच उचलली जाऊ लागते, तेथील सांधा उघडतो आणि उघडलेल्या सांध्यात पाणी शिरते.

शिरलेले पाणी पुढील अनर्थाचे कारण ठरते. भेगांतून आणि पायाच्या खडकातून शिरलेले पाणी भिंतीला खालून वर उचलते. या उत्थापक दाबाची जाणीव अभियंत्यांना फार उशिरा झाली. फ्रान्समधील बूझे येथील धरण १८९५ साली फुटून ऐंशीहून अधिक लोक प्राणास मुकले, तेव्हा या दाबाकडे लक्ष वेधले गेले. तरीही पुढील कित्येक वर्षे अनेक धरणांच्या आराखड्यांत त्याचा पुरेसा हिशेब धरला जात नसे. आपल्याकडील जुनी दगडी धरणे बहुतांशी याच काळातील आहेत.

या दाबाने काय फरक पडतो, हे एका काल्पनिक धरणावरून पाहता येईल. समजा, भिंत ३० मीटर उंच, तळाशी २० मीटर रुंद आणि पाणी माथ्यापर्यंत आहे. एका मीटर लांबीच्या भिंतीचे वजन सुमारे ७२० टन भरते; पाण्याचा रेटा ४५० टन. या दोहोंचा एकत्रित जोर चवड्यापासून सुमारे ७ मीटर अंतरावर पडतो. मधला तृतीयांश ६.६७ मीटरपासून सुरू होतो, तेव्हा कागदावर भिंत निर्धोक. आता टाचेशी पूर्ण आणि चवड्याशी शून्य असा उत्थापक दाब हिशेबात घ्या. तो ३०० टनांचा होतो. भिंतीचे परिणामकारक वजन ४२० टनांवर उतरते आणि एकत्रित जोर चवड्यापासून अवघ्या २.६ मीटरवर येऊन ठेपतो. निर्धोक वाटणारी भिंत अशा रीतीने टाचेशी फाटण्याच्या स्थितीत येते. दगड तेच, पाणी तेवढेच. हिशेबातून सुटलेली एक गोष्ट तेवढी पुढे आली.

जुन्या भिंतीत काळही आपले काम करीत असतो. पाझरणारे पाणी चुना विरघळवून बाहेर नेते. धरणाच्या खालच्या अंगावर जे पांढरे ओघळ दिसतात, ते या वाहून गेलेल्या चुन्याचेच असतात. जितका चुना जातो तितकी भिंत हलकी व सच्छिद्र होते आणि उत्थापक दाबाला आत शिरण्यास वाट मोकळी होते.

बैलगाडीची धाव

वजन कमी पडते म्हटल्यावर वजन वाढविणे हा सरळ उपाय. परंतु वरील काल्पनिक भिंतीला हवे असलेले बळ टाचेशी हवे आहे, आणि टाच तर पाण्याखाली. तेथे नवे बांधकाम करायचे म्हणजे जलाशय रिकामा करणे आले. वजन न वाढवता वजनाचे काम करून घेण्याची युक्ती येथे उपयोगी पडते, आणि ती युक्ती गावोगावच्या लोहार-सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

बैलगाडीचे चाक लाकडी पुठ्ठ्यांचे बनलेले असते. पुठ्ठे नुसते जोडले तर खडकाळ वाटेवर सांधे खिळखिळे होतील. म्हणून त्यांवर लोखंडी धाव चढवतात. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेली असते. गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवली की ती फैलावते. तशीच चाकावर बसवून वर पाणी ओतले की ती आकसते आणि पुठ्ठे, आरे व तुंबा यांना एकजीव आवळते. धाव ताणलेली, लाकूड दाबलेले. पुढे ओझे आले, धक्का बसला, तरी आधीचा दाब पुरता संपेपर्यंत सांधा उघडत नाही.

धरणाच्या भिंतीत केबल बसवतात ती याच तत्त्वाने. माथ्यापासून पायाखालच्या खडकापर्यंत टाचेच्या जवळून एक भोक पाडायचे, त्यात पोलादी केबल सोडून तिचे खालचे टोक खडकात पक्के करायचे आणि वरचे टोक जॅकने ओढून माथ्यावर अडकवायचे. ओढलेली केबल आकसू पाहते. तिला आकसता येत नाही, म्हणून ती भिंतीला खडकावर दाबून धरते. आपल्या काल्पनिक भिंतीला, केबल टाचेपासून दीड मीटर आत असेल तर, दर मीटर लांबीमागे सुमारे १४४ टनांचा ताण पुरतो. एवढ्याने एकत्रित जोर पुन्हा मधल्या तृतीयांशात येतो. हे १४४ टन म्हणजे ६० घनमीटर दगडकामाचे वजन, भिंतीच्या मूळ छेदाचा पाचवा हिस्सा, आणि तेही नेमके हवे त्या जागी. मनगटाएवढ्या किंवा त्याहून थोड्या जाड दोरांनी हे काम साधते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण केबलींच्या कौतुकात ती विसरली जाते. भिंतीत आणि पायात निचऱ्याची भोके पाडून उत्थापक दाब निम्म्यावर आणता आला, तर त्याच भिंतीला १४४ ऐवजी सुमारे ५९ टनच ताण लागतो. निचऱ्याचे भोक दिसायला क्षुल्लक. पण ते स्वच्छ ठेवणे हा धरण बळकट करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि दुर्लक्षही बहुधा त्याच्याकडेच होते.

भोक, केबल आणि जॅक

प्रत्यक्ष काम सोपे नाही. पन्नास-साठ मीटर खोल भोक सरळ गेले पाहिजे. थोडे जरी तिरपे गेले तर ते टाचेऐवजी भलतीकडे उतरते. भोक पडल्यावर त्यात पाणी भरून किती झिरपते ते पाहतात. झिरपा अधिक असल्यास दाबाने सिमेंटचे पातळ मिश्रण भरतात आणि ते आळल्यावर भोक पुन्हा पाडतात. जुन्या चुन्याच्या भिंतीत हे अनेकदा करावे लागते आणि त्यातून भिंतीतील पोकळ्या भरून निघण्याचा लाभही होतो.

खालचे टोक ज्या खडकात रुजवायचे त्याची पारख महत्त्वाची आहे. सह्याद्रीचा काळा कातळ हा लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. अखंड कातळ केबलीला घट्ट धरतो; परंतु दोन थरांच्या मध्ये कोठे लाल मातकट पट्टा, कोठे पोकळ्यांनी भरलेला ठिसूळ खडक लागतो. अशा थरात केबल रुजवली तर ताण देताच ती सुटून येण्याचा धोका असतो. म्हणून आधी खडकाचे नमुने काढून पाहतात. शिवाय सर्व केबली एकाच खोलीवर संपवीत नाहीत. तसे केल्यास खडकात त्या पातळीवर सलग भेग पडण्याचा संभव असतो; एक खोल, एक उथळ अशी त्यांची मांडणी करतात.

ताण देण्यासाठी साधे लोखंड चालत नाही, उच्च ताणक्षमतेचे पोलादच लागते. केवळ बळकटीसाठी नव्हे. त्यामागे आणखी एक कारण आहे. दाब पडला की दगडकाम काळानुरूप किंचित दबते, खडकही बसतो, केबल तेवढी सैल होते. साध्या लोखंडाची ६० मीटर लांब कांब तिला सोसेल तेवढी ओढली तर जेमतेम चार सेंटिमीटर लांबते. भिंत एक सेंटिमीटर दबली की तिचा जवळजवळ पाव हिस्सा ताण गेला. उच्च ताणक्षमतेची तेवढीच केबल सुमारे ३३ सेंटिमीटर ओढता येते. तिच्या बाबतीत तेच एक सेंटिमीटर म्हणजे तीन टक्के. फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने यांनी १९२८ साली पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे पेटंट घेतले, त्याच्या मुळाशी हीच जाणीव होती. तोपर्यंत अनेकांनी साध्या लोखंडावर प्रयोग करून पाहिले होते आणि काही काळाने ताण नाहीसा झाल्यामुळे त्यांची निराशा झाली होती.

आजकाल सात तारांचा एक पीळ वापरतात. १५ मिलिमीटर जाडीचा असा पीळ सुमारे २६ टनांना तुटतो, त्यावर १६ टनांपर्यंत ताण ठेवतात. दर तीन मीटरला एक केबल बसवायची ठरल्यास वरील काल्पनिक भिंतीला ४३२ टनांची केबल, म्हणजे असे २७ पीळ, लागतील. खालचे टोक सिमेंटमध्ये रुजून पक्के झाल्यावर जॅक लावतात आणि ताण टप्प्याटप्प्याने वाढवतात. प्रत्येक टप्प्याला केबल किती लांबली याची नोंद होते. ठरलेल्या ताणाहून अधिक ओढून ती टिकते याची खात्री झाल्यावर पाचरींनी ती माथ्यावर अडकवतात. म्हणजे बसविलेली प्रत्येक केबल बसवतानाच परीक्षा देऊन पुढे जाते. बांधकामाच्या इतर फार थोड्या घटकांविषयी असे म्हणता येईल.

तानसा, कोयना आणि भंडारदरा

धरणाला अशा रीतीने खडकाशी बांधण्याचा पहिला मोठा प्रयोग आंद्रे कोयन या फ्रेंच अभियंत्याने १९३४ साली अल्जीरियातील शूर्फा धरणावर केला. तेथे प्रत्येकी १,००० टनांच्या ३७ केबली बसविण्यात आल्या. महाराष्ट्राला ही पद्धत दूरची राहिली नाही. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा धरण १८९२ मधील. त्याच्या दगडी भिंतीला १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातच ताणलेल्या केबलींनी बळकट करण्यात आले. या पद्धतीच्या जगातील आरंभीच्या उदाहरणांत तानसाची गणना होते.

कोयनेला भूकंपानंतर तडे गेले ते जेथे खालच्या अंगाचा उतार एकाएकी बदलतो त्या पातळीच्या आसपास. तडे रसायनाने भरण्यात आले आणि सर्वांत उंच भागांना केबलींनी ताण देऊन तात्पुरते सावरण्यात आले. त्यानंतर खालच्या अंगाने काँक्रीटचे भक्कम आधार देण्याचे दीर्घ मुदतीचे काम झाले.

भंडारदऱ्यासही हाच क्रम स्वीकारण्यात आला. केबलींनी तातडीचे बळ दिले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी भिंतीच्या खालच्या अंगाला काँक्रीटचे उभे टेकू बांधण्यात आले. अभियंते त्यांना बट्रेस म्हणतात. आज धरणाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले तर भिंतीच्या उतारावर हे टेकू फासळ्यांसारखे दिसतात. मूळच्या बांधणीत ते नव्हते.

टेकूंचे काम केबलीहून निराळे आहे. केबल टाच दाबून धरते. टेकू चवडा पुढे नेतो. पाय फाकवून उभा राहिलेला माणूस ढकलून पडत नाही, तसे भिंतीचे होते: तळ रुंदावतो, वजन वाढते आणि एकत्रित जोराला आत पडण्यास जागा मिळते. मात्र यासाठी हजारो घनमीटर काँक्रीट लागते, खडक खणून पाया घ्यावा लागतो आणि नवे काँक्रीट जुन्या दगडाशी एकजीव व्हावे म्हणून मोठी दक्षता घ्यावी लागते. नवे काँक्रीट आळताना तापते, मग आकसते. जुनी भिंत आकसत नाही. शिवाय टेकू बांधला तेव्हा जलाशय जितका भरलेला असेल, तेवढ्या पाण्याचा भार जुनी भिंत एकटीच वाहत असते. टेकू फक्त त्यापुढे चढणाऱ्या पाण्याचा भार वाटून घेतो. म्हणून अशी कामे पातळी खाली असताना करावी लागतात. अकोल्याच्या घाटमाथ्यावर पावसाळा कोसळू लागला की पातळी कोणाच्या हातात राहत नाही, आणि कामाचे महिने मोजकेच उरतात. केबलींचे मोल येथे दिसून येते. त्यांना खणती, साचे, वाळवण यांपैकी काही लागत नाही. माथ्यावर यंत्र उभे करून काम करता येते. त्यांनी भिंतीला वेळ मिळवून दिला.

पोलादाचे वैगुण्य

मग केबलींवरच का भागवले जात नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर एका शब्दात आहे: गंज. ताणलेले पोलाद ओलाव्यात साध्या लोखंडापेक्षा अधिक नाजूक असते. त्यावर पडलेला एखादा खड्डाही तारेचा घात करू शकतो, आणि उच्च ताणाखालील तार वाकून वा वाढून इशारा देत नाही. ती एकाएकी तुटते. धरणाच्या पोटात पाझर असायचाच, आणि केबल डोळ्यांना दिसत नाही. पणजी येथील मांडवी नदीवरील १९७० मध्ये खुला झालेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा पूर्वप्रतिबलित बांधकामातील पोलादाच्या गंजाचा प्रश्न साऱ्या देशापुढे आला. पूल आणि धरण या भिन्न वस्तू खऱ्या, पण आतले पोलाद एकाच जातीचे.

पूर्वी ताण दिल्यावर केबलीभोवतीचे सारे भोक सिमेंटने भरून टाकीत. सिमेंट पोलादाला गंजण्यापासून राखते, हे खरे. मात्र ते कोठे अपुरे राहिले हे कळण्यास मार्ग नसतो आणि केबल पुन्हा ओढून पाहताही येत नाही. अलीकडे प्रत्येक पीळ ग्रीस भरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत घालतात, संपूर्ण केबलीवर दुसरी सलग नळी चढवतात आणि माथ्याचे टोक झाकणाखाली उघडता येईल असे ठेवतात. काही वर्षांनी झाकण काढून जॅक लावायचा आणि पाचर कोणत्या भाराला सैल होते ते पाहायचे. तोच केबलीत उरलेला ताण. कमी भरला तर पुन्हा ओढता येतो. काही केबलींच्या डोक्याशी भार मोजणारी उपकरणे कायमचीच बसवितात.

ज्या जुन्या धरणांना पहिल्या पिढीच्या केबली आहेत, तेथे ही सोय नाही. अशा ठिकाणी केबलींचे बळ हिशेबात किती धरावे, हा निर्णय अवघड असतो. टेकूंसारखा स्थायी आधार मिळालेल्या भिंतीची गोष्ट वेगळी. तेथे केबलीने आपले काम करून झालेले असते. ती टिकली तर अधिक चांगले, एवढेच.

धरणांच्या देखरेखीसाठी राज्यात नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना कार्यरत आहे, आणि केंद्राचा धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये संमत झाला. मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे त्यानुसार आवश्यक आहे. दगडी धरणाच्या तपासणीत प्रत्यक्ष जे पाहिले जाते ते बरेचसे साधे असते. पाझराचे पाणी चरीतून एकत्र आणून त्रिकोणी खाचेवरून वाहू देतात आणि खाचेतील पाण्याची उंची मोजतात. ते पाणी स्वच्छ आहे की गढूळ, त्यात चुना किती, निचऱ्याची कोणती भोके कोरडी पडली, कोणती अधिक वाहू लागली, याची टिपणे होतात. भोक कोरडे पडणे ही नेहमी आनंदाची बाब नसते. ते चुन्याने बुजले असण्याचा संभव अधिक, आणि बुजलेले भोक म्हणजे आत वाढलेला दाब. म्हणून ते पुन्हा पाडून मोकळे करतात. जलाशय भरत असताना या मोजण्या अधिक वारंवार होतात, आणि प्रत्येक आकडा मागील वर्षी पाणी त्याच पातळीला असतानाच्या आकड्याशी ताडून पाहिला जातो.